आधी गरज, मग भट्टी

वखारीत रचलेल्या ओल्या लाकडात पाण्याबरोबर व्यापाऱ्याचे भांडवलही अडकलेले असते. ते लवकर मोकळे व्हावे म्हणून अनेक जण वाळवणीच्या भट्टीचा विचार करतात. परंतु बहुतेकदा चौकशीचा आरंभ यंत्राच्या किमतीपासून होतो. प्रणाली अभियांत्रिकीचा पहिला नियम याच्या उलट आहे. प्रथम काय साधायचे ते आकड्यांत ठरवावे, साधन त्यानंतर निवडावे.

लाकडाच्या बाबतीत हा आकडा म्हणजे ओलावा. फळीच्या मधल्या भागातील लहान तुकडा तोलावा, १०३ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन घटणे थांबेपर्यंत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. २८० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅम भरला, तर घट ८० ग्रॅम. कोरड्या वजनाशी तिचे प्रमाण ४० टक्के. हाच त्या मालाचा ओलावा.

किती ओलावा चालेल, हे माल कोठे वापरला जाणार यावर अवलंबून असते. हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तेथे लाकूड सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावते. ८५ टक्के असेल तेथे १७-१८ टक्क्यांवर, आणि ३० टक्के असेल तेथे अवघ्या ६ टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच कोकणच्या पावसाळ्यात नीट बसणारा दरवाजा विदर्भाच्या उन्हाळ्यात सैल पडतो व फटी दाखवतो. दोन्हीकडच्या ग्राहकांना एकच वाळवण देणे म्हणजे एकाची तक्रार ओढवून घेणे होय.

दुसरा प्रश्न लाकडाच्या जातीचा व जाडीचा. ओलावा ३० टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड आकसू लागते आणि तडे, पीळ हे दोष प्रामुख्याने याच प्रवासात प्रकटतात. साल हे हट्टी लाकूड. त्यास घाई केल्यास पृष्ठभाग वाळून तडकतो आणि गाभा ओलाच राहतो. याउलट सावरीचे लाकूड रेंगाळले तर डागाळते. ते त्वरेने वाळवावे लागते.

तिसरा प्रश्न वेळेचा व पैशाचा. दहा लाखांचा माल उघड्या हवेत सहा महिने राहिला, तर वार्षिक १२ टक्के दराने ६०,००० रुपये व्याज होते. भट्टीत २१ दिवसांत वाळला, तर सुमारे ७,००० रुपये. ही ५३,००० रुपयांची बचत इंधन, वीज, मजुरी, घसारा आणि भट्टीच्या कर्जावरील व्याज यांच्या बेरजेपेक्षा अधिक ठरते काय, हे प्रत्येकाने स्वतःच्या वहीत मांडून पाहावे.

या तीन उत्तरांतून पद्धत आपोआप पुढे येते. माल थोडा आणि घाई नसेल, तर सावलीत, फळ्यांमध्ये समान अंतरावर पातळ पट्ट्या ठेवून रचलेली थप्पी पुरेशी असते. ऊन भरपूर असलेल्या गावी सौर भट्टी परवडते. नित्य मोठा माल असेल आणि बॉयलरला करवतीचा भुसा व तुकडे मिळत असतील, तर वाफेची भट्टी योग्य. जाड, मौल्यवान लाकडासाठी निर्वात भट्टी वेळ वाचवते, पण तिचा भांडवली खर्च मोठा असतो. अनेकांना मधला मार्ग सोयीचा पडतो : ३० टक्क्यांपर्यंत हवेत वाळवावे, उरलेले काम भट्टीस द्यावे.

निर्यातदारांनी एक भेद ध्यानात ठेवावा. लाकडी पेट्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमात गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश असावे लागते. हा उपाय किडींविरुद्ध आहे. तो झालेले लाकूड वाळलेले असेलच असे नाही. तो शिक्का ओलाव्याची हमी देत नाही.

भट्टी कोणतीही असो, प्रत्येक खेपेत नमुना-फळ्या ठेवून त्यांचे वजन तारीखवार नोंदवावे. माल परत आला, तर दोष वाळवणीचा की वापराच्या जागेचा, हे त्या नोंदीतूनच कळते, आणि ग्राहकाशी बोलताना व्यापाऱ्याच्या हाती पुरावा असतो.