टाळ्या खाँसाहेबांना

'कट्यार काळजात घुसली'चा दौरा आमच्या गावी येतोय आणि मी तिकीट काढलंय, हे ऐकून आमचे एक चाचा म्हणाले, "उसमें अपनाच आदमी बुरा है ना? पैसे देके कायकू जाताय?"

प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. भानुशंकर पंडित सात्त्विक, सदाशिव गुरुभक्त, आणि मत्सराने जळणारे कोण, तर खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले. गेल्या काही वर्षांत सिनेमात आपल्या नावाची माणसं कशी दाखवली जातात, ते पाहता चाचांना शंका येणं साहजिकच. तरी माझं मत असं, की हे नाटक मुसलमान प्रेक्षकाने चुकवू नये. आणि पडद्यावर पाहिलं म्हणजे झालं, असंही समजू नये.

संगीत नाटकात खाँसाहेबांना स्वतः गावं लागतं. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं, जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलेलं हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं, तेव्हा खाँसाहेब होते वसंतराव देशपांडे. पुढे २०१०मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत उभे राहिले. २०१५च्या सिनेमात चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुल देशपांड्यांचा होता. तिथे चेहऱ्याचा राग करता येतो आणि गाणं वेगळं आवडून घेता येतं. नाट्यगृहात ही सोय नाही. ज्या माणसाचा हेवा, जळफळाट, अपमान तुम्ही आत्ता पाहिलात, तोच पुढच्या क्षणी तान घेतो. त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. दम घेताना त्याची छाती भरलेली दिसते. आता याचा तिरस्कार करायचा कसा?

त्या रात्री एकच पद पंडितजींच्या ढंगात एकदा आणि खाँसाहेबांच्या ढंगात एकदा झालं. पहिलं संथ, उलगडत जाणारं. दुसरं चढाईवर निघाल्यासारखं. सभागृहातली सर्वांत मोठी टाळी दुसऱ्याला पडली. माझ्या पुढच्या रांगेत शाल पांघरलेले एक आजोबा मांडीवर ठेका धरून 'क्या बात है' म्हणत होते. मध्यंतरात तेच आजोबा चहाच्या रांगेत शेजाऱ्याला सांगत होते, "हे लोक विद्या कधी द्यायचे नाहीत हो, लपवून ठेवायचे."

'हे लोक.' मला तिथे खटकलं. नाटकाने हे म्हटलं नव्हतं. आजोबांनी ते घरून आणलं होतं.

घराण्याच्या चीजा जपून ठेवणं, परक्याला सहजी न देणं हे होतंच. नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांच्यामुळे हे नाटक उभं राहिलं ते शिकले कुणाकडे? वसंतराव लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे गेले, मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडे बसले. अभिषेकींच्या गुरूंमध्ये अझमत हुसेन खाँ आहेत. मागे जाल तर 'स्वयंवर'च्या चाली देणारे भास्करबुवा बखले नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांचे शागीर्द, आणि 'मानापमान'चे गोविंदराव टेंबे अल्लादिया खाँसाहेबांनाच गुरू मानणारे. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्यावर अहमदजान थिरकवा. रंगमंचावरचे खाँसाहेब सदाशिवला शिकवायला तयार नाहीत. खऱ्या खाँसाहेबांनी शिकवलं नसतं, तर ते गाणं कुणी रचलंच नसतं. त्या आजोबांना हे चहाच्या रांगेत सांगावंसं वाटलं, पण तेवढ्यात घंटा झाली.

आणखी एक नाव आपल्याच घरांत घेतलं जात नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. पहिल्या संचात खाँसाहेबांची मुलगी झरीना झाल्या होत्या फैय्याज. सोलापूरच्या फैय्याज शेख. मराठी मुसलमान घरातली मुलगी, मराठी रंगभूमीवर, स्वतःच्या गळ्याने गाणारी, तीही त्या काळात. पुढे त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षही झाल्या. आपल्या किती मुलींना त्यांचं नाव सांगितलं जातं? (संगीत हराम की हलाल हा वाद मी इथे काढत नाही. ज्यांच्या घरच्या वरातीत बँड वाजतो त्यांनी तो माझ्याशी काढू नये.)

तक्रार करायची तर माझी भाषेबद्दल आहे. खाँसाहेबांचा 'ख' घशातून नीट येत होता, मेहनत घेतलेली कळत होती. आसपासच्या मंडळींचा 'ज' मात्र थेट सदाशिव पेठेतून आलेला. पण हे चालून जातं. न चालणारी गोष्ट अशी, की मराठी नाटकातला मुसलमान बहुतेक वेळा बरेलीचा, लखनौचा किंवा दिल्लीचा असतो. बरेलीहून आलेल्या उस्तादाने उर्दू बोलणं बरोबरच आहे. पण सांगलीचा, नगरचा, चिपळूणचा, घरात दखनी किंवा कोकणी आणि बाजारात चोख मराठी बोलणारा माणूस कुठे आहे? तो मंचावर नाही म्हणून खुर्चीतही नाही, की खुर्चीत नाही म्हणून कुणी त्याला लिहीत नाही? दोन्ही खरं असावं. मंचावर काय यावं हे लेखकाच्या हाती, खुर्चीत कोण बसावं हे मात्र आपल्या हाती आहे. त्या रात्री मी इकडेतिकडे पाहिलं, ओळखीचा सलाम करावा असा एकच चेहरा दिसला, आणि तो ध्वनियंत्रणेवर काम करत होता.

यात सगळा दोष आपला नाही. दौऱ्याच्या जाहिराती गावात कुठे लागल्या होत्या, ते मी नंतर मुद्दाम पाहिलं: नाट्यगृहाबाहेर, कॉलेज रोडला, बँकेच्या चौकात, मंगल कार्यालयापाशी. आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी क्लासच्या आणि दवाखान्याच्या जाहिराती लागतात, नाटकाची एकही नव्हती. हे लोक येणार नाहीत, असं कॉन्ट्रॅक्टरने आधीच ठरवलेलं असतं. पुढच्या दौऱ्याला त्याने तिथे चार फलक लावून पाहावेत. आणि वर आफताब हुसेन हे नाव मोठ्या अक्षरांत टाकावं.