न्यायाच्या जमाखर्चातील दुसरा रकाना

१ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक ठरविले. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. हेतू स्तुत्य आहे, हिशेब मात्र अपुरा. घटनास्थळावरून येणारे नमुने वाढतील, पण प्रयोगशाळेतील विश्लेषक तेवढेच राहिले तर अहवाल रखडतील आणि खटलेही. २०२२ अखेर देशातील सुमारे ७६ टक्के बंदी कच्चे कैदी होते. विलंबाची किंमत असे लोक आयुष्याच्या वर्षांनी मोजतात. ती कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणून फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्यांआधी विश्लेषकांची पदे भरावीत. त्यांचे वेतन हा खर्च खरा. पण टळलेला तुरुंगवास ही जमाच नव्हे काय?