हसवणारे गाणे, जागवणारी चाल



१७९५ च्या लढाईमुळे आमच्या खर्ड्याचे नाव पोवाड्यांत गेले. पण शाहिरी म्हणजे नुसता वीररस नव्हे. लोकांना पोट धरून हसवणे हेही शाहिराचेच काम, आणि ते पोवाड्यापेक्षा अवघड!

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. पुढे त्याच विचारातून जलसे निघाले. त्यांचाच वारसा आंबेडकरी जलशांनी चालवला. नाशिककडचे भीमराव कर्डक यांनी गावोगाव जलसा नेला आणि त्यावर पुस्तकही लिहून ठेवले. जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला, शृंगार मात्र वगळला. ढोलकी आणि सोंगाड्या तेवढे राखले. का? कारण जो माणूस भाषणाला येत नाही, तो गाण्याला येतो. आणि हसला, की ऐकतोही.

विनोदी गाण्याची चाल बांधणे सोपे नाही. शब्द कानावर स्पष्ट पडला पाहिजे. म्हणून चाल ओळखीची घ्यायची, ताना आवरायच्या. खोच आली की ढोलकी क्षणभर थांबवायची. लोक हसून घेतात, तोवर झीलकऱ्यांनी धृपद उचलायचे. चाल गंभीर आणि शब्द मिस्कील असले तर हशा दुप्पट!

पण हसायचे कोणाला? जलशाने अंगारेधुपारे करणाऱ्याला हसवून उघडे पाडले. आपल्यातल्या दारूला, मेलेल्या जनावराच्या मांसाला, कर्ज काढून केलेल्या लग्नालाही सोडले नाही. मात्र दुबळ्याची आणि बाईची टिंगल म्हणजे विनोद नव्हे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला आणि स्वतःला, या दोघांनाच खुशाल हसावे.

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) लोकांच्या बोलीत लिहीत. म्हणूनच त्यांची गाणी बायाबापड्यांच्याही तोंडी बसली. आज जयंतीला डी.जे. लागतो. छाती हादरते, पण शब्द ऐकू येत नाही. जिथे शब्दच ऐकू येत नाही, तिथे विनोद कुठून येणार? आणि प्रबोधन तरी कसे होणार?

तरुणांना एवढेच सांगणे. घरातल्या आजी-आजोबांना जलशातले गाणे म्हणायला लावा आणि मोबाईलवर आवाज भरून घ्या. शब्द वहीत राहतील, चाल मात्र गळ्याबरोबर जाते. आणि यंदा जयंतीला एक तास तरी डी.जे. बंद ठेवून ढोलकी काढा. लेकरे हसतील आणि हसता हसता विचारतील, "हे असं का?" तो प्रश्न पडला, की जलशाचे काम झाले.

जयभीम!