दिल्ली-ताश्कंद : अंतर तेच, आकाश वेगळे

ताश्कंदला वैद्यकीय शिक्षणासाठी मुलाला किंवा मुलीला पाठवायचे म्हटले, की जालन्यातले पालक आधी मोबाइलवर अंतर पाहतात. दिल्ली ते ताश्कंद सरळ रेषेत सुमारे १,५८० किलोमीटर, म्हणजे विमानाने जेमतेम तीन तास. हे उत्तर चुकीचे नाही. फक्त आकाश मोकळे आहे असे त्यात गृहीत धरलेले असते.

पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांसाठी तेच केले आणि पुढे मुदतवाढ मिळत गेली. इंडिगोने एप्रिलअखेरीस ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणे थांबवली; आकाश बंद असताना ही शहरे आपल्या सध्याच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर असल्याचे कारण कंपनीने दिले. गुजरातवरून अरबी समुद्र, मग इराण आणि तुर्कमेनिस्तान असा वळसा नकाशावर मोजला, तर तो चार हजार किलोमीटरच्या आसपास जातो. तिसऱ्या देशाच्या विमानांना मात्र ही बंदी लागू नाही. शहरे तीच, अंतर तेच. फरक विमान कोणत्या देशाचे एवढाच.

मग विमान लडाखवरून सरळ उत्तरेला का नेत नाहीत? सीमेचे आणि परवानगीचे प्रश्न आहेतच, पण एक कारण थेट फुप्फुसांशी संबंधित आहे. उड्डाणात केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर डोक्यावरून मुखवटे खाली येतात. त्यातला प्राणवायू साधारण १२ ते १५ मिनिटे पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाने विमान सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली आणावे, अशी अपेक्षा असते; तिथे मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. काराकोरममध्ये खाली यायला जागाच नाही. के-२ शिखर ८,६११ मीटरचे, आणि खिंडीसुद्धा त्या सुरक्षित उंचीच्या बऱ्याच वर. त्यामुळे डोंगर टाळणारी वाट बंद झाली, की उरतो तो लांबचा वळसा किंवा आखाती शहरातून दोन टप्प्यांचा प्रवास.

शरीर किलोमीटर मोजत नाही, बसून काढलेले तास मोजते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, चार तास किंवा त्याहून अधिक प्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. एकूण धोका तरीही लहानच, सुमारे ६,००० मध्ये एक. पण हा हिशेब फक्त विमानाचा नाही. रेल्वे, बस आणि मोटारही त्यात येते. जालन्याच्या प्रवाशाला हे महत्त्वाचे, कारण त्याचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. मुंबई गाठायला वंदे भारतनेही सुमारे सात तास लागतात. त्यानंतर तीन-तीन तासांची दोन उड्डाणे.

दर तासा-दोन तासांनी उठून चार पावले टाकणे, बसल्या जागी घोटे फिरवणे, दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात खुर्चीत न पेंगता चालणे, एवढे बहुतेकांना पुरते. आधी गुठळी झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गर्भवतींनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हा धोका विमानातून उतरल्यावर संपत नाही, पुढचे काही आठवडे राहतो. त्या काळात एकाच पोटरीला सूज आली, ती दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर दवाखान्यात गेल्यावर प्रवासाची हकिगत आधी सांगावी.