फुकट मिळालं, पण विचारलं कुणी?

डिसेंबरात एका लग्नाला सांगलीला गेले होते. हळदीच्या रात्री मामेभावाचा फोन हातात आला. पठ्ठ्या एसवाय बीएस्सीला आहे. फोनमध्ये तीन-तीन एआय असिस्टंट, तिन्ही पेड व्हर्जन, आणि त्यासाठी खिशातून गेलेले पैसे शून्य. ‘दोन सिम आहेत ना ताई. एक या सिमवर आलं, एक त्या सिमवर, आणि एक असंच सगळ्यांना देतायत,’ तो म्हणाला. प्रॅक्टिकलची जर्नल्स, सेमिनारचा पीपीटी, एवढंच काय, नवरदेवासाठीचा उखाणाही त्यातूनच काढलेला. (उखाणा भयंकर होता, पण तो वेगळा विषय.)

तुमच्यापैकी निम्म्यांच्या फोनमध्ये आज हेच असेल. जुलै २०२५मध्ये एअरटेलने आपल्या साधारण ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटीचं प्रो व्हर्जन वर्षभर मोफत देऊ केलं. ३० ऑक्टोबरला जिओ आणि गुगलने जेमिनी प्रो १८ महिने मोफत, असं जाहीर केलं. बाजारभावाने त्याची किंमत त्यांनीच ३५,१०० रुपये सांगितली, आणि सुरुवात केली ती १८ ते २५ या वयोगटापासून. म्हणजे थेट तुमच्यापासून. पाच दिवसांनी ओपनएआयने महिना ३९९ रुपयांचं चॅटजीपीटी गो भारतात वर्षभरासाठी फुकट करून टाकलं. चार महिन्यांत तीन कंपन्या आपल्या दारात ताट घेऊन उभ्या. कुणाला नको असेल?

मलाही हवंच आहे, आणि मी वापरतेही. पण त्या रात्री भावाचा फोन परत देताना मला दहा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. तेव्हाही एक मोठी कंपनी असंच ताट घेऊन आली होती, आणि या देशाने ‘नको’ म्हटलं होतं. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, म्हणून थोडं नीट सांगते.

२०१५ साल. मी कॉलेजला. एक जीबीचा नेटपॅक दोनशे-अडीचशे रुपयांना पडायचा, त्यामुळे होस्टेलवर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळे वायफायवाल्या कॅफेच्या पायऱ्यांवर. अशा दिवसांत फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ आणलं. पुढे सप्टेंबरमध्ये त्याचं नाव बदलून ‘फ्री बेसिक्स’ केलं. योजना सोपी होती : तुमच्याकडे डेटापॅक नसला तरी काही ठरावीक वेबसाइट फुकट उघडतील. बातम्या, हवामान, नोकऱ्या, आरोग्य आणि अर्थातच फेसबुक. बाकीचं इंटरनेट हवं असेल तर पैसे भरा.

आता यात वाईट काय? नाही त्यापेक्षा थोडं बरं, असं मलाही आधी वाटलं होतं. गोम अशी होती की त्या फुकटच्या यादीत कोण असेल, कुठल्या तांत्रिक अटींवर असेल, हे फेसबुक ठरवणार. समजा, तालुक्याच्या गावी दोघींनी हवामानाची वेबसाइट काढली. एक यादीत आहे, दुसरी नाही. शेतकऱ्याच्या फोनवर पहिली फुकट उघडते, दुसरीला पैसे पडतात. दुसरीची माहिती कितीही चांगली असो, ती संपली. आणि वेबसाइटच्या जागी वर्तमानपत्र ठेवून बघा, किंवा एखादी छोटी चळवळ. कोट्यवधी नवे लोक इंटरनेटवर पहिलं पाऊल टाकणार आणि त्यांना दिसणारं जग एका कंपनीने निवडलेलं. प्रश्न धंद्याचा होता, तसाच लोकशाहीचाही होता.

फेसबुकने त्यावर जे केलं ते आजही वाचण्यासारखं आहे. पेपरांत पानपानभर जाहिराती, चौकाचौकांत होर्डिंग. फेसबुक उघडलं की समोर खिडकी यायची : फ्री बेसिक्सला पाठिंबा द्या. क्लिक केलं की आधीच लिहून ठेवलेला मजकूर तुमच्या नावाने ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे रवाना. २८ डिसेंबर २०१५ला मार्क झुकरबर्गने स्वतः इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण होतं, जो फ्री बेसिक्सवर पावसाचा अंदाज बघतो. विरोधकांना त्याने साधारण असं विचारलं होतं की ग्रंथालयात तरी कुठे सगळी पुस्तकं असतात? तरी ते उपयोगी असतंच ना?

मुद्दा बिनतोड वाटतो. पण आपल्याकडचं गावातलं वाचनालय आठवा. अनुदान सरकारचं, वर्गणी गावाची, कार्यकारी मंडळ सभासदांनी निवडलेलं. एखाद्या लेखकाची पुस्तकं मुद्दाम घेत नाहीत असं वाटलं तर वार्षिक सभेत उठून अध्यक्षांना फैलावर घेता येतं. आमच्याकडे लोक घ्यायचेही. फ्री बेसिक्सच्या यादीबद्दल त्या शेतकऱ्याने कुठल्या सभेत उठायचं होतं?

याचं उत्तर तेव्हा सापडलं, आणि तेच मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ट्रायने मार्च २०१५मध्ये एक चर्चापत्र काढून लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. एरवी असल्या सरकारी कागदाला दहा-वीस कंपन्या आणि दोन-चार वकील उत्तर देतात. या वेळी काही तरुण मंडळींनी ‘सेव्ह द इंटरनेट’ मोहीम सुरू केली, ‘एआयबी’च्या कॉमेडियन्सनी व्हिडिओ करून नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे काय हे शिव्यांसकट समजावलं, आणि ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले. (ट्रायने ते सगळे ईमेल पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकले. प्रायव्हसीबद्दल आपण तेव्हा किती भाबडे होतो बघा.) डिसेंबरमध्ये वेगवेगळ्या दरांबद्दल दुसरं चर्चापत्र आलं. आयआयटी आणि आयआयएस्सीमधल्या प्राध्यापकांनी फ्री बेसिक्सविरोधात निवेदन काढलं. त्याआधी आयआयटी दिल्लीत झुकरबर्ग आला होता, तेव्हा नेट न्यूट्रॅलिटीचा प्रश्न त्याला समोरासमोर विचारला गेला होता. ट्रायने फेसबुकला लेखी सुनावलं : तुम्ही पाठवलेले पाठिंब्याचे लाखो साचेबंद संदेश आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ला निर्णय आला. कुठल्या वेबसाइटवर जाता यावरून डेटाचे दर वेगळे लावायला बंदी. दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख. फ्री बेसिक्सने गाशा गुंडाळला.

दोन दिवसांनी फेसबुकच्या संचालक मंडळावरचा गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन याने ट्विट केलं की वसाहतवादाला विरोध करून भारताचं नुकसानच झालंय. गदारोळ झाल्यावर ते त्याने डिलीट केलं आणि माफीही मागितली. पण कंपनीच्या वरच्या मजल्यावरून आपण कसे दिसतो, ते तेवढ्यात दिसून गेलं.

या विजयाची गोष्ट मात्र फार रंगवून सांगू नये. ज्याच्याकडे पॅकला पैसेच नव्हते त्याला त्या निर्णयाने काही मिळालं नाही. त्याला नेट मिळालं ते सप्टेंबर २०१६मध्ये, जिओ फुकट डेटा घेऊन आलं तेव्हा. तेव्हा सगळंच इंटरनेट फुकट होतं, निवडक नव्हतं, त्यामुळे नियमही मोडला नाही. पुढे दरयुद्धात एकेक कंपनी गळत गेली : रिलायन्स कम्युनिकेशन्स आडवी झाली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आज खासगी कंपन्या तीन, आणि चौथी सरकारी बीएसएनएल. २०२०मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा घेतला. गुगलने ३३,७३७ कोटींत ७.७ टक्के. पुढच्या दाराने आत घेतलं नाही, तर घराच्या मालकीतच वाटा घेतला म्हणा ना. आता जिओच्या रिचार्जबरोबर जेमिनी आलं, तेव्हा देणारी कंपनी आणि पोचवणारी कंपनी या एकमेकींना अनोळखी नव्हत्या.

तर मग आजचं एआय म्हणजे जुनंच फ्री बेसिक्स का? अगदी तसं नाही. ट्रायचा नियम डेटाच्या दराबद्दल आहे. इथे डेटाचा दर सगळ्यांना सारखाच, वर एक सबस्क्रिप्शन भेट. नियमाच्या कक्षेत ते सरळ बसत नाही. पण मला काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. फ्री बेसिक्सचं कुंपण निदान दिसायचं. यादी समोर असायची. त्यात काय नाही हे बोट ठेवून सांगता यायचं. सर्चमध्येही दहा लिंक येतात, दुसरी-तिसरी उघडून ताडून बघता येते. असिस्टंट मात्र एक उत्तर देतो, तेही गोड, आत्मविश्वासाच्या भाषेत. त्यात कुठला पेपर वाचला, कुठला वगळला, आपल्या जिल्ह्याबद्दल मराठीत काय लिहिलं गेलंय ते त्याच्या गावी तरी आहे का, हे कळायला मार्ग नाही. कुणी कट करतंय असं मी म्हणत नाही. पण निवड होतेय, आणि ती कोण करतंय हे आपल्याला दिसत नाहीये.

त्यात सवय. कॉलेजची तीन वर्षं एका असिस्टंटला विचारून काढली, तर नोकरी लागल्यावर महिन्याला पैसे भरून तुम्ही त्यालाच विचारणार. तोवर तुमच्या अडचणी, आजारपण, ब्रेकअप, करिअरची भीती, सगळं त्याच्याशी बोलून झालेलं असणार.

या बोलण्याचं पुढे काय होतं, याला कायदा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. नोटीस, संमती, माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क, हा कायद्याचा गाभा अधिसूचनेनुसार १८ महिन्यांनी लागू व्हायचा. म्हणजे मे २०२७. आता जिओच्या ऑफरचे १८ महिने मोजा. पहिल्या दिवशी ज्यांनी घेतलं त्यांचा मोफत काळ संपतो एप्रिल २०२७च्या शेवटी. फुकट वापर संपणार, आणि हक्क त्यानंतर सुरू होणार! हा योगायोग असेलही. पण याच कायद्यातलं एक कलम अजिबात थांबलं नाही, ते नियमांबरोबरच लागू झालं. माहिती अधिकार कायद्यातल्या ८(१)(जे) मध्ये त्याने बदल केला. पूर्वी अधिकाऱ्याची एखादी माहिती ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारायची तर ती सार्वजनिक कामाशी संबंधित नाही हे बघावं लागे. आता ‘वैयक्तिक’ एवढं म्हटलं की पुरे. सरकारचं म्हणणं, सार्वजनिक हिताचं दुसरं कलम अजून आहेच. ते आहे, खरंय. पण ते लावायचं की नाही हे आधी ठरवणार तोच अधिकारी. कंपन्यांना तयारीला दीड वर्ष, आणि सरकारला प्रश्न विचारणाऱ्या नागरिकाला एक दिवसही नाही. प्राधान्य कुणाला, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

नियामक झोपलेत असंही नाही. व्हॉट्सॲपच्या २०२१च्या प्रायव्हसी पॉलिसीबद्दल स्पर्धा आयोगाने मेटाला २१३ कोटींचा दंड केला. पण केव्हा, तर नोव्हेंबर २०२४मध्ये. तोवर आपण सगळ्यांनी ‘ॲग्री’ दाबून झालं होतं. मग खटले, अपिलं. दंड नंतर होतो. विचारायचं असतं ते आधी. २०१५मध्ये योजना गळ्यात पडण्याआधी कुणीतरी चर्चापत्र काढलं, प्रश्न छापले, पत्ता दिला, मुदत दिली. उत्तर काय येईल हे ठाऊक नसताना विचारलं. एआयच्या या वाटपाआधी तसं कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर कदाचित आपण सगळे ‘द्या की!’ म्हणालो असतो. पण मग अटी घालता आल्या असत्या : मोफत काळातला डेटा मॉडेल शिकवायला वापरायचा का, दुसऱ्या असिस्टंटकडे जाताना आपलं सगळं बोलणं नेता येईल का, मराठीतल्या बातम्या वापरल्या तर त्या छापणाऱ्याला काय.

हे सगळं मी भावाला लग्नाच्या मांडवात ऐकवलं. त्याने जिलेबी संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग मी फोनमध्ये शोधून त्याला माझा एप्रिल २०१५चा ईमेल दाखवला, ट्रायला पाठवलेला. मोहिमेच्या साइटवरचा तयार मजकूर आणि खाली मी जोडलेल्या तीन ओळी, त्यातल्या एकीत स्पेलिंगची चूक.

त्याने वाचला. म्हणाला, ‘भारी आहे ताई. पण तुम्हाला कुणीतरी विचारलं तरी होतं. मी कुणाला पाठवू?’

मला पत्ता सांगता आला नाही. तेवढ्यात पंगत उठली आणि आम्हाला वाढायला बोलावलं.