खेळाची पेटी : आजोबांच्या मापाने

‘बाबांना कशात तरी गुंतवा,’ असे सगळेच सांगतात. कशात गुंतवावे, हे मात्र कोणी सांगत नाही. शिवाय वडीलधाऱ्यांनी स्क्रूड्रायव्हर हाती घेतला की ‘तुम्ही राहू द्या, लागेल’ म्हणून तो काढून घेणारेही आपणच असतो. हात असे रिकामे झाले की मनही हळूहळू रिकामे होते. म्हणून या वेळी नातवंडांसह करता येईल असा एक छंद सुचवतो : व्हिडिओ गेम पार्लरमधील जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती घरी बनवणे.

‘स्पेस इन्व्हेडर्स’ (1978) आणि ‘पॅक-मॅन’ (1980) हे खेळ जपानमधून जगभर गेले. पुरुषभर उंचीच्या लाकडी कपाटासमोर उभे राहून ते खेळले जात. घरी मात्र टेबलावर मावेल अशी, सुमारे 50 सेंटिमीटर उंचीची पेटी पुरते. प्लायवूडचा सांगाडा, संगणकाचा जुना पडदा, रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, जॉयस्टिक, बटणे आणि स्पीकर एवढेच साहित्य लागते. तयार संचातील बहुतेक तारा नुसत्या खोचायच्या असतात. डाग देण्याची गरज पडत नाही.

पेटी मात्र नातवाच्या नव्हे, आजोबांच्या मापाने बनवावी. खुर्चीत बसून कोपर काटकोनात वाकवावे; हात जेथे येतो, तीच बटणांची उंची. नेहमीच्या जेवणाच्या टेबलावर पेटी ठेवल्यास बटणे फार वर जातात, खांदे उचलले जातात आणि मान आखडते. म्हणून टेबल ठेंगणे घ्यावे, किंवा बटणांची फळी पेटीपासून वेगळी ठेवून तारेने जोडावी. चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीला ती मांडीवर घेता येते. पडदा डोळ्यांच्या रेषेपेक्षा किंचित खाली हवा, अन्यथा दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणारे मान मागे टाकून पाहू लागतात. बोटांना संधिवात असेल तर गोल गोळ्याऐवजी लांबट, जाड मुठीची जॉयस्टिक निवडावी.

पक्षाघातानंतर एक हात दुबळा झालेल्यांनाही हा खेळ वर्ज्य नाही. ‘पॅक-मॅन’ केवळ जॉयस्टिकवर, म्हणजे एका हाताने खेळता येतो. दुबळ्या हाताला किती काम द्यावे, हे मात्र फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवावे.

खेळाने स्मरणशक्ती वाढते का, असे विचारले जाते. 60 ते 85 वयाच्या व्यक्तींवरील एक अभ्यास 2013 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महिनाभराच्या सरावाने एकाच वेळी दोन कामे करण्याची क्षमता सुधारली आणि तो लाभ सहा महिन्यांनंतरही टिकला. परंतु तो खेळ त्यासाठीच खास रचलेला होता. जुन्या खेळांकडून तशी हमी मागू नये. माझ्या मते खरा लाभ पेटी बनवण्यात आहे : माप घेणे, क्रम ठरवणे, घासणे, रंगवणे आणि नातवाला ‘असे नव्हे, असे’ म्हणून शिकवणे.

काही पथ्ये अवश्य पाळावीत :

• फळ्या सुताराकडून कापून घ्याव्यात. लाकडाचा, विशेषतः एमडीएफचा भुसा फुफ्फुसांना घातक असतो. दमा असणाऱ्यांनी घासकामही दुसऱ्याकडे द्यावे. इतरांनी ते मास्क लावून मोकळ्या हवेत करावे.
• रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास धारदार हत्यारे टाळावीत. मधुमेहींनी काम करताना पायात बूट घालावेत.
• 230 व्होल्टची जोडणी जाणकाराकडून करून घ्यावी आणि पेटीला हवा खेळण्यासाठी भोके ठेवावीत.
• पेसमेकर असल्यास स्पीकरचे चुंबक छातीपासून किमान 15 सेंटिमीटर दूर असावे.
• घरात कोणाला फिट येत असतील तर लुकलुकणाऱ्या खेळांबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.
• सलग अर्ध्या तासाहून अधिक बसू नये. आठवड्याला किमान 150 मिनिटांचा व्यायाम हवाच; खेळ हा चालण्याला पर्याय नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांना एकच विनंती : धोक्याचे काम तेवढे वाटून घ्या, सगळे काम हिरावून घेऊ नका. थरथरत्या हाताने स्क्रू बसवायला दहा मिनिटे लागली तरी लागू द्या. पेटीला तीन महिने लागले, तर तेवढे दिवस घरातील ज्येष्ठांना सकाळी उठण्यासाठी एक कारण मिळाले, असे समजावे.