झिरो केलाय की, काका!

दिवाळीला गावी गेलो होतो. गावी म्हणजे कवठे महांकाळला. फळछाटणी होऊन द्राक्षबागा फुटायला लागल्या होत्या, फराळाचे डबे निम्म्यावर आले होते आणि पुतण्याच्या हातात नवीकोरी एअरगन होती. वर चक्क स्कोप! २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून आमच्या घरात हा हट्ट चालू होता. शेवटी दादाने हात टेकले.

विहिरीजवळच्या मातीच्या ढिगाऱ्याला पुठ्ठा लावला, टेपने २५ मीटर मोजले, टेकू म्हणून गव्हाचं पोतं घेतलं. साहेबांनी पाच छर्रे मारले. पाचही काळ्या गोलाच्या डावीकडे आणि खाली.

"अरे, झिरो नाही केलास का?"

"केलाय की, काका! हे बघा." खरंच, दोन्ही टरेटवरचा शून्य रेघेवर बरोब्बर आला होता.

"पण कशावर केलास झिरो?"

"झिरोवर!"

मी पोट धरून हसलो. पण पुण्याला परत येताना, मिरज सोडेपर्यंत, ते हसू माझ्याच घशात अडकायला लागलं. का ते सांगतो. पण आधी थोडं यंत्राबद्दल, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही.

स्कोपवर दोन गोल बटणं असतात, त्यांना टरेट म्हणतात. वरचं टरेट नेम वर-खाली करतं, उजव्या बाजूचं डावीकडे-उजवीकडे. स्कोपच्या आत स्प्रिंगने दाबून धरलेली एक छोटी नळी असते. टरेट फिरवलं की स्क्रू त्या नळीला ढकलतो, टिक् टिक् आवाज येतो आणि नेम सरकतो. एक टिक् म्हणजे ठरावीक कोन. पुतण्याच्या स्कोपवर तो पाव मिनिट आहे (मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग). म्हणजे १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर आणि आमच्या २५ मीटरवर १.८.

आता गंमत बघा. ज्या टोपीवर आकडे कोरलेले असतात ती टोपी वेगळी आणि आतला स्क्रू वेगळा. टोपीचे बारीक स्क्रू ॲलन कीने ढिले केले की टोपी नुसतीच फिरते. आतलं काहीही हलत नाही. ही सोय का दिली आहे? तर आधी गोळ्या मारायच्या, ग्रुपचं मधलं टोक मोजायचं, टिक् टिक् करत नेम तिथे आणायचा, पुन्हा मारून खात्री करायची. हे सगळं झाल्यावर टोपी सोडवून तिचा शून्य रेघेवर आणायचा आणि स्क्रू आवळायचे. त्या शून्याचा अर्थ असा की ही बंदूक, हा छर्रा, हे अंतर असताना इथे लागतं. पुढे लांबच्या निशाण्यासाठी टरेट फिरवलं तरी परत यायची जागा ठरलेली.

आमच्या चिरंजीवांनी व्हिडिओ बघितला होता, पण शेवटचं मिनिटच लक्षात ठेवलं. टोप्या सोडवल्या, शून्य रेघेवर आणले, आवळून टाकले. झाला झिरो!

मग आम्ही बसून नीट केलं. ग्रुपचं मधलं टोक ५४ मिलिमीटर डावीकडे आणि ३६ मिलिमीटर खाली निघालं. म्हणजे ३० टिक् उजवीकडे, २० टिक् वर. परत पाच छर्रे, ते काळ्यात. मग टोप्या शून्यावर. आणि मग आणखी तीन छर्रे, कारण टोपी आवळताना टरेट एखादा टिक् सरकू शकतं. या शेवटच्या तीन छर्‍यांचा त्याला भयंकर कंटाळा आला. "आता काय, झालंय की!"

इथेच माझं भांडण सुरू होतं. त्याच्याशी नाही, तो सतरा वर्षांचा आहे. तुमच्या-माझ्याशी.

मागे एका प्रोजेक्टवर (कंपनीचं नाव सांगत नाही) स्टीअरिंग मीटिंगच्या आदल्या दिवशी ठरलं की जुन्या सगळ्या बगना 'बेसलाइन' असं लेबल लावायचं आणि डॅशबोर्डवर फक्त नवे बग मोजायचे. एकही बग सुटला नव्हता. आकडा मात्र दोनशेच्या वरून शून्यावर आला. पडदा हिरवागार. टाळ्या, पिझ्झा. चार महिन्यांनी त्यातल्याच एका बगमुळे ग्राहकाच्या गोदामातला माल आणि स्क्रीनवरचा आकडा जुळेनासा झाला आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेलं एक पोरगं दोन रात्री ऑफिसात बसून ते निस्तरत होतं. त्याला तो बग जुना आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, कारण यादीत तो दिसतच नव्हता. ज्या क्वेरीने तो लपला होता ती मी लिहिली होती. मीटिंगमध्ये मी एक शब्द बोललो नाही. पिझ्झा मात्र खाल्ला.

पुतण्याने केलं ते अज्ञानाने. आम्ही केलं ते सगळं कळत असताना.

"अरे, पण शून्य हा संकेतच असतो ना? कुठेतरी रेघ मारायलाच लागते. जुनं ओझं किती दिवस वाहायचं?" हे मला त्या वेळीही ऐकवलं गेलं होतं आणि मुद्दा बिनबुडाचा नाही. टोपी सरकवायची सोय स्कोप बनवणाऱ्यांनीच दिली आहे. माझं म्हणणं एवढंच की टोपीला हात लावायचा हक्क पुठ्ठ्यावरची भोकं दाखवल्यावर मिळतो, आधी नाही. आणि शून्य हा संकेत आहे म्हणूनच तो कुणी, कधी, कशाच्या जोरावर सरकवला हे लिहून ठेवायला हवं. ते लिहिलं नाही तर पुढच्या माणसाच्या हातात फक्त एक कोरा आकडा उरतो.

शून्य दिसतोय एवढ्यावर विश्वास ठेवायला आणखीही एक अडचण आहे. टरेट एका फेरीपेक्षा जास्त फिरतं. एका फेरीत १५ मिनिटं असतील आणि परत येताना एक फेरी चुकली, तर टोपीवर शून्यच दिसणार आणि गोळी १०० मीटरवर जवळजवळ दीड फूट वर किंवा खाली जाणार! आपल्या भाषेत मोड्युलो. घड्याळात बारा वाजलेत हे दिसतं, दुपारचे की रात्रीचे ते दिसत नाही. म्हणून चांगल्या स्कोपना झिरो स्टॉप देतात, म्हणजे टरेट शून्याच्या फार खाली जातच नाही.

हे सगळं आमच्या आण्णांना कुठल्याही स्कोपशिवाय माहीत आहे. बेदाणा विकायला जाताना ते घरून शिक्क्याचं २० किलोचं लोखंडी वजन घेऊन जातात. एकदा एका व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा रिकामा असताना चोख शून्य दाखवत होता. आण्णांनी वजन ठेवलं, तर १९.६००. व्यापारी म्हणतो कसा, "झिरो तर आहे की आण्णा!" होता ना झिरो. पण टनामागे २० किलो बेदाणा गायब. वर्षभर औषधं फवारून, टँकरने पाणी घालून जगवलेल्या बागेतला माल तो. आण्णांनी बॉक्स परत गाडीत चढवले. शून्य बटण दाबून आणता येतो, म्हणून ते त्याला पुरावा मानतच नाहीत. ओळखीचं वजन ठेवायचं आणि काय दिसतं ते बघायचं.

स्कोपचीही अशीच परीक्षा असते. एक छर्रा मारायचा. मग टरेट २० टिक् वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे फिरवायचं आणि प्रत्येक वेळी त्याच काळ्यावर नेम धरून मारायचं. पुठ्ठ्यावर चौकोन उमटला आणि शेवटचा छर्रा पहिल्याच भोकापाशी आला, तर टरेटचं म्हणणं खरं. नाही आला, तर टोपीवर काहीही लिहिलेलं असो.

आणि स्वप्नीलसारखे नेमबाज? त्यांच्या सामन्यात दुर्बीण चालतच नाही, मागे बारीक छिद्राची साइट असते. तिलाही टिक् असतातच. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन पद्धतींनी मारताना नेम थोडा थोडा सरकतो, म्हणून मोजणीचे शॉट सुरू व्हायच्या आधी सायटर म्हणजे चाचणीचे शॉट मारू देतात. ऑलिंपिकला पोचलेला माणूससुद्धा कालच्या शून्यावर भागवत नाही, आजचा मारून बघतो. आणि आपण? नवा मॅनेजर आला, रिसेट. नवा क्वार्टर आला, रिसेट. भांडण झालं, "चल, झिरोपासून सुरुवात करू," आणि भांडलो कशावरून ते कुणीच बोलत नाही.

असो. सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी पहिलं काम केलं ते ती जुनी क्वेरी शोधून त्यातली फिल्टरची ओळ काढायचं. आकडा १३७ आला. टीमला मेल टाकली, खाली लिहिलं की ही ओळ मी घातली होती. अजून कुणाचं उत्तर नाही. पडदा लाल आहे, पण निदान पुठ्ठ्यावरची भोकं सगळ्यांना दिसताहेत.

ता. क. : पुतण्याचा फोन आला होता. चौकोन जमला नाही म्हणे, शेवटचा छर्रा बोटभर लांब पडला. स्कोपच्या माउंटचे स्क्रू तपास म्हणून सांगितलंय, स्प्रिंगच्या एअरगनच्या झटक्याने ते ढिले होतात. पण त्याने स्वतःहून चौकोन मारून बघितला, हे ऐकून काकाला बरं वाटलं :)